पेन्शन घेतली म्हणून काम सोडावे लागत नाही

चाकणच्या कारखान्यात, डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत किंवा एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर नोकरी करणाऱ्या माणसाला ५८ वे वर्ष पूर्ण होते, तेव्हा बहुतेक वेळा काहीच घडत नाही. कंपनी त्याला ६० पर्यंत ठेवते, नाहीतर निवृत्त करून दुसऱ्याच दिवशी कंत्राटावर परत घेते. पगारातून फंड कापला जात होता तसाच कापला जातो. त्या दिवसापासून जी पेन्शन त्याला घेता येते तिचा अर्ज मात्र तो करत नाही, कारण पेन्शन ही घरी बसलेल्या माणसाची गोष्ट आहे हे त्याच्या डोक्यात पक्के बसलेले असते. दुसरीकडे ५१-५२ व्या वर्षी कंपनी बंद पडून रस्त्यावर आलेला माणूस असतो. तो दिसतील ते सगळे फॉर्म भरतो, फंड काढतो, कापून मिळणारी पेन्शनही सुरू करून टाकतो आणि वर्षभरात पुन्हा कुठेतरी कामाला लागतो. एक जण हक्काचे घेत नाही आणि दुसरा घाईने घेतो. दोघांच्याही मनात एकच समजूत असते: माणूस एकतर कामावर असतो किंवा नसतो, आणि सगळ्या लाभांचे दार या एकाच प्रश्नावर उघडते किंवा बंद होते.

तसे नाही. आपल्याकडची प्रत्येक योजना स्वतःचा वेगळा प्रश्न विचारते आणि त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की बाकीच्या गोष्टींकडे ती पाहत नाही. प्रश्न कोणता हे ओळखायचे असेल तर आधी योजना कोणत्या घराण्यातली आहे ते पाहावे. एक घराणे वर्गणीचे: पीएफ, त्याला जोडलेली १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), अटल पेन्शन योजना. इथे आपण किंवा आपल्या नावाने मालकाने पैसे भरलेले असतात, त्यामुळे योजना आपली गरज पाहत नाही. एखादी ठरलेली घटना घडली का, एवढेच ती विचारते. वय झाले का, नोकरी सुटली का, वर्गणी पुरेशी भरली का. दुसरे घराणे गरजेचे. महाराष्ट्रातली श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी आहे आणि तिथे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. गोव्यातली दयानंद सामाजिक सुरक्षा योजना याच जातीची. या योजनांत म्हाताऱ्या माणसाने चार पैसे कमावले तर पात्रतेवर परिणाम होतो, कारण तिथला प्रश्नच उत्पन्नाचा आहे. गोंधळ होतो तो या घराण्याचा नियम त्या घराण्याला लावल्यामुळे. हा लेख वर्गणीच्या घराण्याबद्दल आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की ५८ नंतर कामावर असलेल्याने पेन्शन बिनधास्त घ्यावी आणि ५८ च्या आधी बेकार झालेल्याने पेन्शनला सगळ्यात शेवटी हात लावावा. लोक नेमके उलटे करतात.

कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. मालक आपल्या पगाराच्या १२ टक्के जो वाटा भरतो, त्यातले ८.३३ टक्के या योजनेत जातात. पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० धरली जाते, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. किमान १० वर्षे सेवा झाली असेल तर वयाच्या ५८ व्या वर्षी पेन्शन मिळते. तिचे गणित सोपे आहे: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. ५८ पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याची सेवा २० वर्षांची असेल तर तिच्यात २ वर्षे जादा धरतात. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेच्या भागाला जुनी ६,५०० ची मर्यादा लागते, म्हणून प्रत्यक्ष आकडा सूत्रावरून वाटतो त्याहून कमी येतो. १५,००० च्या मर्यादेत ३५ वर्षे धरली तरी पेन्शन ७,५०० च्या वर जात नाही, आणि खालची हमी महिन्याला १,००० रुपयांची आहे. आकडे मुद्दाम देतो आहे. एवढ्या पेन्शनवर ५८ व्या वर्षी कुणी कामधंदा सोडून घरी बसेल अशी अपेक्षा योजना बनवणाऱ्यांनाही करता आली नसती. ५८ ला पेन्शन देताना नियम विचारतो तो वयाचा आणि सेवेच्या वर्षांचा. नोकरी चालू आहे की नाही, पगार किती आहे, हे तो विचारत नाही. त्याच कंपनीत त्याच टेबलावर बसूनही पेन्शन घेता येते.

मात्र ५८ पूर्ण झाल्यावर एक बदल पगारपत्रकात व्हायलाच हवा आणि तो अनेक ठिकाणी होत नाही. त्या दिवशी पेन्शन योजनेचे सभासदत्व संपते. पीएफचे संपत नाही, त्याला वयाची वरची मर्यादा नाही. म्हणून पुढच्या महिन्यापासून मालकाचा वाटा पेन्शनकडे न वळता सगळाच्या सगळा पीएफ खात्यात जायला हवा. हिशेबनीस किंवा पगाराचे काम बाहेरून करून देणारी एजन्सी हे विसरते आणि १,२५० रुपये दर महिन्याला पेन्शनच्या रकान्यात पडत राहतात. कामगाराला वाटते, चला, पेन्शन वाढते आहे. ती वाढत नसते. ५८ नंतरची सेवा, पुढे सांगितलेला एक अपवाद सोडला तर, धरली जात नाही आणि हे पैसे नंतर दुरुस्तीचे अर्ज करून परत पीएफकडे वळवून घ्यावे लागतात. वर्षाला १५,००० रुपये, शिवाय त्यावरचे व्याज. पेन्शनचा अर्ज म्हणजे फॉर्म १०-डी. तो अडतो तोही बऱ्याचदा याच गोंधळामुळे: नोकरी चालू असल्याने पीएफमधून बाहेर पडल्याची तारीख नसते हे ठीक, पण पेन्शन योजनेतून बाहेर पडल्याची तारीख वेगळी नोंदवायची असते आणि ती मालकाने नोंदवलेली नसते. 'सध्या कामावर आहात ना, मग पेन्शन कसली' असे उत्तर कुणी दिले तर समजावे की समोरच्याने या दोन तारखांमध्ये फरक केलेला नाही.

यावर पहिला आक्षेप नैतिक स्वरूपाचा असतो आणि तो बहुधा घरातलीच मंडळी घेतात. पगारही घ्यायचा आणि पेन्शनही, हे दोन्ही हातांनी खाणे नव्हे का? या भावनेचा उगम सरकारी नोकरीत आहे. निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याला पुन्हा सरकारातच नेमले तर त्याचा नवा पगार ठरवताना पेन्शन वजा करण्याची पद्धत आहे, कारण दोन्ही पैसे एकाच तिजोरीतून निघतात. पण त्याच माणसाने खासगी नोकरी धरली तर त्याची पेन्शन थांबत नाही. केंद्राच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात अशा नोकरीसाठी परवानगी घ्यावी लागते, एवढेच. परदेशातल्या ऐकीव माहितीचीही यात भर पडते. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची पेन्शन पूर्ण निवृत्तिवयाच्या आधी सुरू केली आणि कमाई ठरावीक रकमेच्या वर गेली, तर वरच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर रोखून धरतात. मुलगा न्यू जर्सीत असलेल्या घरात हा नियम ऐकून माहीत असतो आणि तो इथेही असेल असे गृहीत धरले जाते. १९९५ च्या योजनेत अशी कमाईची चाळणी नाही. शिवाय खासगी नोकराची पेन्शन मालकाच्या खिशातून येत नाही आणि त्याच्या पगारातून वजाही होत नाही. ती आधीच भरलेल्या वर्गणीच्या निधीतून येते आणि ५८ नंतर त्या निधीत त्याच्या नावाने काही जमाही होत नाही. मग दुहेरी कसले? प्राप्तिकर मात्र दोन्ही रकमा एकत्र धरूनच लागतो. पेन्शन पगारासारखीच करपात्र आहे, विवरणपत्रात ती लपवू नये.

दुसरा आक्षेप हिशेबी लोकांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. पगार चालू असताना पेन्शनची गरज नसेल तर थांबावे, रक्कम वाढेल. २०१६ पासून अशी सोय खरोखरच आहे: ५८ ऐवजी ५९ किंवा ६० व्या वर्षापासून पेन्शन घेता येते आणि पुढे ढकललेल्या दर पूर्ण वर्षामागे ती ४ टक्क्यांनी वाढते. ऐकायला बरे वाटते. हिशेब मांडून पाहू. समजा ५८ ला पेन्शन ६,००० बसते. दोन वर्षे थांबल्यास ती ८ टक्क्यांनी वाढून ६,४८० होईल. पण या दोन वर्षांत न घेतलेले २४ हप्ते म्हणजे १,४४,००० रुपये सोडावे लागले. महिन्याला ४८० प्रमाणे ते भरून यायला ३०० महिने लागतात, म्हणजे २५ वर्षे. वयाच्या ८५ व्या वर्षी माणूस बरोबरीत येतो आणि हेही त्या दीड लाखावरचे व्याज न धरता. पेन्शन महागाईनुसार वाढत नाही, त्यामुळे ८० व्या वर्षी जास्तीचे मिळणारे ४८० रुपये आजच्या ४८० रुपयांच्या मोलाचे नसतील ते वेगळेच.

थांबण्याचा दुसरा प्रकार, म्हणजे वर सांगितलेला अपवाद, वर्गणी चालू ठेवून थांबण्याचा आहे. तो लेखी पर्याय देऊन घ्यावा लागतो, आपोआप लागू होत नाही. त्यात दोन वर्षांची सेवाही धरली जाते, म्हणजे ६,००० मध्ये आधी सुमारे ४२८ मिळतात आणि मग त्यावर ४ टक्क्यांची वाढ लागते. पेन्शन सुमारे ६,९४० होते. सोडलेले १,४४,००० आणि पीएफऐवजी पेन्शनकडे गेलेले ३०,००० असे १,७४,००० रुपये भरून यायला या वाटेने साधारण साडेपंधरा वर्षे लागतात, म्हणजे वय पंचाहत्तरीच्या पुढे जाते. घराण्यात दीर्घायुष्य असेल आणि जोडीदार वयाने बराच लहान असेल तर हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे, कारण पेन्शनरच्या मागे जोडीदाराला त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते. इतरांनी ५८ ला पेन्शन सुरू करावी आणि पगारात भागत असेल तर ती रक्कम दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकावी. काही न ठरवता नुसते थांबणे हा मात्र सर्वात वाईट पर्याय आहे, आणि सर्वाधिक लोक नेमका तोच निवडतात.

आता ५८ च्या आतले. इथे पेन्शन योजनेचा प्रश्न बदलतो. ५० पूर्ण झालेल्या आणि १० वर्षे सेवा असलेल्या सभासदाला लवकर पेन्शन घेता येते, पण त्यासाठी नोकरी सुटलेली असावी लागते. शिवाय ५८ ला जेवढी वर्षे कमी, तेवढ्या दर वर्षामागे ४ टक्के कपात, आणि ही कपात कायमची; ५८ पूर्ण झाल्यावर ती भरून निघत नाही. ५० व्या वर्षी घेतली तर ३२ टक्के गेले. अनेक सल्लागार यावर एका वाक्यात 'लवकर पेन्शन घेऊच नका' म्हणतात. ते घाईचे आहे. ५,००० पेन्शन बसणाऱ्या माणसाने ५४ व्या वर्षी ती घेतली तर १६ टक्के जाऊन ४,२०० मिळतात. ५८ पर्यंतच्या ४८ महिन्यांत २,०१,६०० रुपये हाती येतात आणि पुढे महिन्याला ८०० चा तोटा होतो. तोटा जमेला गाठेपर्यंत २१ वर्षे जातात, वय ७९ होते. पुन्हा कधीच नोकरी करायची नाही किंवा तब्येतीमुळे करता येणार नाही, अशा माणसासाठी हा सौदा वाईट नाही.

पण पुन्हा नोकरी लागली तर सगळे चित्र पालटते. लवकर पेन्शन सुरू झालेला माणूस नव्या कंपनीत रुजू झाला तर त्याची पेन्शन थांबत नाही, हे खरे. नेमकी तिथेच फसगत होते. तो पेन्शन योजनेचा सभासद पुन्हा होत नाही, मालकाचा पूर्ण वाटा पीएफला जातो आणि नव्या नोकरीची वर्षे पेन्शनसाठी मोजली जात नाहीत. वरच्याच माणसाला ५५ व्या वर्षी काम मिळाले आणि त्याने ५८ पर्यंत केले असे धरा. पेन्शनला हात लावला नसता तर तीन वर्षांच्या सेवेचे सुमारे ६४० आणि २० वर्षांवरच्या सेवेसाठी मिळणाऱ्या जादा दोन वर्षांचे सुमारे ४३० धरून त्याची पेन्शन ६,००० च्या वर गेली असती. आता ती ४,२०० वर थिजली. फरक महिन्याला १,८७० च्या घरात. मधल्या काळात मिळालेले दोन लाख आणि पीएफकडे वळलेले ४५,००० जमेला धरले तरी ही शिल्लक ११ वर्षांत, म्हणजे वयाच्या ६९ व्या वर्षी संपते आणि तिथून पुढे निव्वळ तोटा. म्हणून ५० ते ५८ मधल्या बेकाराने स्वतःला विचारायचा प्रश्न 'आज पैशांची नड आहे का' हा नाही. नड तर असतेच. 'मी पुन्हा काम करणार आहे का' हा तो प्रश्न आहे. उत्तर 'हो' असेल तर पेन्शनपेक्षा आधी हात घालण्याजोगे दोन खिसे आहेत.

पहिला खिसा ईएसआयचा, आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला विमाधारक बेकार झाला तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली त्याला भत्ता मिळतो. जुलै २०१८ मध्ये ही योजना आली तेव्हा सरासरी रोजाच्या २५ टक्के मिळत. कोविडच्या काळात, मार्च २०२० पासून, ते ५० टक्के केले. जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. पगार १८,००० असेल तर ढोबळमानाने महिन्याला ९,००० धरा. अट अशी की नोकरी सुटण्याआधी किमान दोन वर्षे विम्याखालची नोकरी झालेली असावी, लगतच्या आधीच्या वर्गणी-कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी असावी आणि त्याआधीच्या तीनपैकी एकातही तेवढीच. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे मोजतात. नोकरी सुटून ३० दिवस झाले की मालकाच्या सहीसाठी न थांबता स्वतःच दावा करता येतो. मुदत वाढवत वाढवत चालवलेली ही योजना आहे, म्हणून दावा करण्याआधी ती चालू आहे याची ईएसआयच्या शाखेत खात्री करून घ्यावी. कारखाना बंद पडल्याने किंवा कामगारकपातीत नोकरी गेली असेल तर २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना याहून मोठी आहे: २४ महिने भत्ता, पहिल्या वर्षी रोजाच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के. पात्र असून तीन महिन्यांच्या योजनेवर समाधान मानणारे कामगार आहेत, कारण शाखेत विचारायला गेल्यावर जिचे नाव घेतले तिचाच फॉर्म हातात पडतो.

या भत्त्यांचा प्रश्न असा: नोकरी का गेली? स्वेच्छेने काम सोडणाऱ्याला, स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला, वयोमानाने निवृत्त होणाऱ्याला, गैरवर्तनासाठी काढलेल्याला तो मिळत नाही. त्यामुळे शेवटच्या दिवशी सही केलेला कागद सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. माणसे कमी करताना 'राजीनामा लिहून द्या, रेकॉर्ड चांगले राहील, हिशेब लवकर होईल' असे गोड बोलून राजीनामे घेण्याची चाल जुनी आहे. त्या एका ओळीने कामगार 'काढलेला' न राहता 'सोडून गेलेला' होतो. बेकारी भत्ता जातो आणि दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची कामगारकपातीची भरपाईही जाते. राजीनामा दिला नाही तर पुढची नोकरी मिळणार नाही, ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. शिफारशीवर चालणाऱ्या क्षेत्रांत ती खरीच आहे. पण मग त्या राजीनाम्याची किंमत किती हजारांची आहे हे आकडा काढून माहीत असू द्यावे आणि हिशेबाच्या बोलणीत तो आकडा टेबलावर ठेवावा.

दुसरा खिसा पीएफचा. इथे जवळजवळ सगळ्यांची एक गल्लत होते. पीएफ आणि पेन्शन एकाच पासबुकात दिसतात म्हणून लोक ते एकच समजतात. पीएफचा शेवटचा हिशेब फॉर्म १९ ने होतो, पेन्शनचे पैसे काढणे किंवा सेवेची वर्षे जपणारे स्कीम सर्टिफिकेट घेणे फॉर्म १०-सी ने. एजंट दोन्ही फॉर्म एकदम भरून टाकतो, त्याचे काम झालेले असते. सेवा १० वर्षांच्या आत असेल तर १०-सी ने पेन्शनचे पैसे हाती मिळतात आणि ती सगळी वर्षे पुसली जातात. आठ वर्षे झालेल्या माणसाने हे केले आणि पुढे नऊ वर्षे दुसरीकडे काढली तर सतरा वर्षे राबूनही त्याला मासिक पेन्शन नाही, कारण मोजणी शून्यापासून सुरू होऊन दहाच्या आत थांबली. त्यानेच सर्टिफिकेट घेतले असते किंवा खाते नुसते नव्या कंपनीकडे वळवले असते तर पेन्शन बसली असती. म्हणून नड भागवायची तर पीएफमधून भागवावी आणि पेन्शनची वर्षे तशीच ठेवावीत. किती काढता येते याचे नियम अलीकडे हलले आहेत. बेकारीच्या एका महिन्यानंतर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर सगळे, अशी २०१८ पासूनची रीत होती. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवले की ७५ टक्के लगेच मिळावेत, उरलेले २५ टक्के बारा महिन्यांच्या बेकारीनंतर, आणि पेन्शनचे पैसे काढायला ३६ महिने थांबावे लागावे. अर्ज करण्याच्या दिवशी पोर्टलवर लागू असलेली अट पाहूनच पुढे जावे.

या निर्णयावर बराच ओरडा झाला. आमचे पैसे, आम्ही कधीही काढू, तुम्ही कोण अडवणारे? पीएफच्या शेवटच्या चतुर्थांशाबद्दल हा राग मला रास्त वाटतो. नोकरी गेलेल्या घरात वर्षभर थांबा म्हणणे सोपे नाही आणि कर्जाचा हप्ता कुणासाठी थांबत नाही. पण पेन्शनच्या ३६ महिन्यांबद्दल मी मंडळाच्या बाजूने आहे. १०-सी ने हाती येणारी रक्कम तुलनेने लहान असते, दोन-चार महिन्यांत घरखर्चात विरघळते, आणि बदल्यात जे जाते ते हयातभराचे उत्पन्न असते; शिवाय सभासदाचा मृत्यू झाला तर विधवेला आणि मुलांना मिळणारी पेन्शनही याच योजनेतून येते. 'तेच पैसे बँकेत ठेवून व्याज घेऊ' असे म्हणणाऱ्याने बेकारीत काढलेले किती पैसे कुणाच्या बँकेत उरले ते आजूबाजूला पाहावे. घाईने पीएफ काढण्यालाही एक छुपी किंमत आहे. सलग सेवा पाच वर्षांच्या आत असेल तर ती रक्कम करपात्र होते. उलट खात्यात राहिलेल्या पैशांवर वर्गणी बंद असली तरी ५८ पर्यंत व्याज मिळत राहते, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या काळातले व्याज करपात्र असते.

मधल्या काळात छोटे-मोठे काम मिळाले तर सांगावे की लपवावे, असाही प्रश्न येतो. ईएसआयचा भत्ता चालू असताना दुसरीकडे नोकरी लागली तर त्या तारखेपासून भत्ता थांबतो. ती तारीख स्वतः कळवणे हेच शहाणपणाचे आहे. नव्या मालकाने आपल्या विमा क्रमांकावर पहिली वर्गणी भरली की ती नोंद शाखेत दिसतेच, आणि खोटे निवेदन करून लाभ घेणे हा गुन्हा आहे. पीएफचेही तसेच: यूएएन, म्हणजे पीएफचा सभासद क्रमांक, एकच असल्याने दुसऱ्या कंपनीची वर्गणी सुरू झाली की बेकारीचा दावा पडतो. याउलट ५८ नंतर पेन्शन घेत असताना नवी नोकरी धरली तर नव्या मालकाला आपण पेन्शनर आहोत हे पहिल्या दिवशीच सांगावे आणि पीएफच्या फॉर्म ११ वर तसे लिहावे, म्हणजे तो पेन्शनची वर्गणी कापायला जाणार नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, त्यामुळे कायद्यांची नावे आणि कलमे येत्या काळात बदललेली दिसतील. फॉर्म कोणताही असो, भरण्यापूर्वी करायचे काम एकच आहे. यूएएन पोर्टलवर सेवेचा इतिहास उघडा आणि प्रत्येक कंपनीपुढे रुजू झाल्याची, सोडल्याची आणि पेन्शन योजनेची तारीख आहे का ते पाहा. जुन्या मालकाने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला टाकता येते. जुनी खाती वेगवेगळी पडली असतील तर आधी ती एकत्र करा, कारण पेन्शनची १० वर्षे त्यांच्या बेरजेने भरतात. आणि वय ५८ च्या पुढे असून अजून कामावर असाल तर पासबुकातला पेन्शनचा रकाना आजच बघा. वाढदिवसानंतरच्या महिन्यांपुढे तिथे १,२५० दिसत असतील तर कंपनीला लेखी कळवा आणि त्याच आठवड्यात फॉर्म १०-डी भरा.